बॅकअपसाठी टेप ड्राइव्ह घेताय? आधी ती टेप परत वाचणार कोण, ते ठरवा

अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोड, ओशिवरा, वर्सोवा या पट्ट्यात गल्लोगल्ली एडिटिंग स्टुडिओ आहेत. दिवसभराचं शूटिंग संपलं की रात्री कॅमेऱ्याची कार्डं तिथे येतात, त्यातला डेटा कॉपी होतो आणि मग रोजचा तोच प्रश्न समोर येतो. आता कार्ड पुसायचं का?

प्रश्न साधा वाटतो, पण गणित बघा. सिनेमासाठी वापरला जाणारा अ‍ॅलेक्सा मिनी एलएफसारखा कॅमेरा पूर्ण क्षमतेने रॉ शूट करत असेल, तर १ टीबीच्या कार्डात जेमतेम अर्ध्या तासाचं चित्रीकरण मावतं. ही कार्डं महाग असतात, दुसऱ्या दिवशी सेटवर तीच लागतात. म्हणजे पुसावी तर लागणारच. आणि पुसल्यावर कळलं की कॉपी खराब आहे, तर? सेट मोडलेला असतो, कलाकाराच्या तारखा संपलेल्या असतात.

म्हणून या धंद्यातले लोक हार्ड डिस्कवरच्या कॉप्यांसोबत आणखी एक कॉपी बनवतात. ती असते टेपवर. हो, जुन्या ऑडिओ कॅसेटमध्ये असायची तशीच मॅग्नेटिक टेप. २०२० च्या दशकात, क्लाउडच्या जमान्यात.

आणि हा विषय फक्त सिनेमावाल्यांचा नाही. बोरिवलीतल्या लग्नाच्या फोटोग्राफरकडे दहा-दहा वर्षांचे अल्बम पडून असतात. मुलुंड-घाटकोपरमधल्या सीए ऑफिसांत शेकडो ग्राहकांचे हिशेब असतात. कंपनी कायद्याप्रमाणे कंपन्यांना हिशेबाची पुस्तकं किमान ८ वर्षं जपावी लागतात, आणि ती संगणकावर असतील तर २०२२ पासून त्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं बंधनकारक आहे. जपायचा डेटा वाढत जातो, तशा हार्ड डिस्क ड्रॉवरमध्ये साठत जातात आणि कधीतरी कुणीतरी सुचवतं, "टेप ड्राइव्ह घेऊन टाका, एकदम सेफ."

टेप खरंच सेफ आहे का? आणि घ्यायचाच असेल, तर भरवशाचा टेप ड्राइव्ह ओळखायचा कसा?

टेप अजून जिवंत का आहे?

पहिलं उत्तर मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर मिळतं.

२७ जून २०१७. नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. मर्स्क ही जहाज वाहतुकीतली अवाढव्य कंपनी त्यात सापडली, आणि तिच्या समूहाकडून चालवलं जाणारं न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं टर्मिनलही ठप्प झालं. मर्स्कमध्ये कुठला कर्मचारी कुठल्या यंत्रणेत शिरू शकतो, याची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते. ते एकमेकांशी सतत जोडलेले असायचे, एकाचा डेटा दुसऱ्यावर उतरत राहायचा. हाच त्यांचा बॅकअप होता. व्हायरस आला आणि सगळे सर्व्हर एकदमच गेले.

एक सोडून. आफ्रिकेतल्या घाना देशातल्या ऑफिसमध्ये त्या वेळी नेमकी लाईट गेली होती. सर्व्हर बंद होता, नेटवर्कपासून तुटलेला होता, म्हणून वाचला. त्याचा डेटा हार्ड डिस्कवर घेऊन तो माणसांकरवी विमानाने लंडनला पोचवावा लागला, तेव्हा कुठे कंपनी पुन्हा उभी राहू लागली.

म्हणजे १५० कॉप्या असूनही उपयोगी पडली ती प्लग निघालेली एक. घानात हे नशिबाने झालं. टेपमध्ये ते मुळातच असतं. कार्ट्रिज ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवली की तिला ना वीज, ना वायर, ना इंटरनेट. कुठलाही व्हायरस कपाटात शिरू शकत नाही.

दुसरं उत्तर गुगलचं. फेब्रुवारी २०११ मध्ये सॉफ्टवेअरमधल्या एका चुकीमुळे काही जीमेल खाती अचानक रिकामी झाली. प्रमाण छोटं होतं, सुमारे ०.०२ टक्के. पण ज्यांचं खातं गेलं त्यांची वर्षांची पत्रं गायब. गुगलकडे वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये कॉप्या होत्या, पण चूक त्या सगळ्या कॉप्यांपर्यंत पोचली होती. शेवटी मेल परत आणले ते टेपवरून.

तिसरं कारण पैशाचं. टेप ड्राइव्ह महाग असतो, पण कार्ट्रिज त्या मानाने स्वस्त. एकदा ड्राइव्ह घेतला की पुढे डेटा जितका जास्त, तितका दर टीबीमागचा खर्च कमी होत जातो.

पण टेप असूनही सगळं गेलं, असंही झालंय

१९९८ साली पिक्सार स्टुडिओत 'टॉय स्टोरी २' चं काम चालू होतं. कुणीतरी सर्व्हरवर चुकीची कमांड दिली आणि फाइली एकापाठोपाठ एक पुसल्या जाऊ लागल्या. यंत्रणा बंद करेपर्यंत सिनेमाचा बहुतेक भाग उडाला होता.

सुरुवातीला कुणी फार घाबरलं नाही, कारण टेपवर बॅकअप होता. तो परत आणायला घेतला तेव्हा कळलं की बॅकअप बरेच दिवस नीट होतच नव्हता. साठवायची मर्यादा भरली होती, नवा डेटा पूर्ण लिहिला जात नव्हता, आणि टेपवर काय उतरतंय हे कुणी तपासत नव्हतं.

सिनेमा वाचवला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेने. बाळ लहान असल्यामुळे त्या घरून काम करत होत्या आणि घरच्या संगणकावर सिनेमाची कॉपी होती. तो संगणक ब्लँकेटमध्ये गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणला गेला.

ड्राइव्ह निवडताना हीच गोष्ट आधी लक्षात ठेवायची. बॅकअप झाला म्हणजे काम झालं असं नसतं. टेपवरून डेटा परत आला तरच तो बॅकअप. त्यामुळे "कुठल्या कंपनीचा ड्राइव्ह चांगला?" या प्रश्नाआधी "पाच-दहा वर्षांनी ही टेप कोण वाचणार?" हा प्रश्न येतो.

एलटीओ म्हणजे नेमकं काय?

आज बाजारात टेप म्हटलं की बहुतेक वेळा एलटीओच असतं. २००० साली एचपी, आयबीएम आणि सीगेट यांनी मिळून हे मानक आणलं. फायदा असा की एका कंपनीची कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये चालते. कार्ट्रिज तळहाताएवढी असते, आत अर्धा इंच रुंदीची टेप. एलटीओ-९ मध्ये ती १ किलोमीटरपेक्षा जास्त लांब असते.

एलटीओच्या पिढ्या असतात. पहिल्या पिढीत १०० जीबी मावायचे. २०१७ च्या एलटीओ-८ मध्ये १२ टीबी, २०२१ च्या एलटीओ-९ मध्ये १८ टीबी आणि २०२५ मध्ये आलेल्या एलटीओ-१० मध्ये ३० टीबीपासून पुढे.

आणखी एक गंमत. दुकानात एचपीई, क्वांटम, डेल, आयबीएम अशी वेगवेगळी नावं दिसतात, पण एलटीओ-८ पासून आतली यंत्रणा एकटी आयबीएम बनवते. टेपही मुख्यतः दोनच कंपन्या बनवतात, फुजीफिल्म आणि सोनी. म्हणून नावावरून वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. फरक पडतो तो पिढीचा, जोडणीचा आणि विक्रीनंतरच्या सेवेचा.

ड्राइव्ह घेताना काय बघायचं?

१. पिढी. सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एलटीओ-७ पर्यंतचा नियम सोपा होता. ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचायचा आणि मागच्या एका पिढीवर लिहायचा. एलटीओ-८ पासून हे बदललं. एलटीओ-८ चा ड्राइव्ह फक्त ७ आणि ८ च्या टेप चालवतो, एलटीओ-९ चा ड्राइव्ह फक्त ८ आणि ९ च्या. एलटीओ-१० चा ड्राइव्ह तर मागची कुठलीच टेप वाचत नाही.

म्हणजे कपाटात एलटीओ-६ च्या टेप असतील आणि कुणी हौसेने नवाकोरा एलटीओ-९ घेतला, तर जुना डेटा त्यात दिसणारच नाही. जुन्या टेप असतील तर आधी त्यांच्यावरचा आकडा बघा, मग ड्राइव्ह ठरवा. पाटी कोरी असेल तर ८ किंवा ९ यांच्यात निवड करा.

२. खोक्यावरचा मोठा आकडा. एलटीओ-९ च्या कार्ट्रिजवर ४५ टीबी असं छापलेलं असतं. तो आकडा डेटा दाबून बसवला तर मिळतो. व्हिडिओ आणि फोटो बहुतेक वेळा आधीच दाबलेले असतात, ते आणखी दबत नाहीत. हिशेब १८ टीबीचाच करायचा.

३. वेग, आणि आपल्या संगणकाचा वेग. छोट्या ऑफिसात सहसा अर्ध्या उंचीचा, म्हणजे हाफ-हाइट ड्राइव्ह घेतात. एलटीओ-८ आणि ९ मध्ये तो सेकंदाला ३०० एमबीपर्यंत लिहितो. या वेगाने १८ टीबीची टेप भरायला साधारण १७ तास लागतात. आज संध्याकाळी लावली तर उद्या सकाळीही चालूच असेल.

उलटी बाजूही आहे. संगणकाकडून डेटा हळू आला तर टेपला थांबावं लागतं, मग थोडं मागे जाऊन पुन्हा पुढे यावं लागतं. बूट पॉलिश करताना ब्रश मागेपुढे फिरतो तसंच. ड्राइव्ह आपला वेग थोडा कमी करून घेतो, पण त्यालाही मर्यादा असते. सतत असं झालं तर हेड आणि टेप दोन्ही झिजतात. जुन्या यूएसबी डिस्कवरून हजारो छोट्या फाइली थेट टेपवर टाकण्यापेक्षा आधी त्या वेगवान डिस्कवर गोळा करून मग टेपवर न्याव्यात.

४. जोडणी. बहुतेक ड्राइव्ह एसएएस नावाच्या जोडणीवर चालतात. ती साध्या लॅपटॉपला नसते. डेस्कटॉपमध्ये वेगळं कार्ड बसवावं लागतं, आणि ते ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीच्या यादीतलं असलेलं बरं. रेड कार्डावर टेप ड्राइव्ह लावला तर तो बऱ्याचदा नीट चालत नाही. मॅक वापरणाऱ्यांसाठी थंडरबोल्टवाले ड्राइव्ह मिळतात, पण महाग. ड्राइव्हची किंमत विचारताना कार्ड, केबल आणि सॉफ्टवेअर धरूनच विचारा, नाहीतर बिल बघून घाम फुटतो.

५. सॉफ्टवेअर. काही बॅकअप सॉफ्टवेअर डेटा स्वतःच्या खास पद्धतीने लिहितात. उद्या त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलं, तर टेप हातात असूनही वाचता येत नाही. २०१० मध्ये एलटीओ-५ सोबत एलटीएफएस नावाची खुली पद्धत आली. त्यात टेप पेन ड्राइव्हसारखी उघडते, फोल्डर आणि फाइली दिसतात. पुढे टेप दुसऱ्या स्टुडिओला किंवा निर्मात्याला द्यायची असेल, तर हीच पद्धत सोयीची.

एलटीओ-४ पासून टेपवरचा डेटा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करायची सोयही आहे. ग्राहकांचे हिशेब असतील तर ती जरूर वापरा. पण किल्ली हरवली तर डेटा कायमचा गेला. ती टेपच्या डबीवर चिकटवू नका आणि फक्त एकाच माणसाच्या डोक्यातही ठेवू नका.

६. सेवा. ड्राइव्ह बिघडला तर नवा किती दिवसांत मिळेल, माणूस ऑफिसात येईल की ड्राइव्ह पाठवावा लागेल, मुंबईत दुरुस्तीची सोय आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. भरवशाचा ड्राइव्ह म्हणजे न बिघडणारा नव्हे, बिघडला तरी काम अडू न देणारा.

सेकंडहँड घ्यावा का?

नवा ड्राइव्ह लाखांच्या घरात जातो, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुना शोधायचा मोह होतो. काही वेळा सौदा चांगलाही ठरतो. पण तीन गोष्टी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

पहिली, ड्राइव्ह आधी कुठे होता. बरेच जुने ड्राइव्ह मोठ्या कंपन्यांच्या टेप लायब्ररीतून काढलेले असतात. त्यांचं फर्मवेअर लायब्ररीसाठी असतं, असा ड्राइव्ह एकट्याने संगणकाला जोडला तर चालेलच असं नाही.

दुसरी, तो किती वापरलेला आहे. ड्राइव्ह स्वतःच नोंद ठेवतो. किती तास चालला, किती वेळा टेप घातली, कुठल्या चुका आल्या, सगळं. आयबीएम आणि एचपीई यांची तपासणीची साधनं आहेत. विक्रेत्याला समोर चाचणी चालवून दाखवायला सांगा. आयबीएमच्या ड्राइव्हवरच्या छोट्या पडद्यावर 'सी' अक्षर दिसलं तर तो सफाई मागतोय. सफाईची कार्ट्रिज चालवूनही ते पुन्हा पुन्हा येत असेल, तर हेड झिजल्याची शंका घ्या आणि मागे फिरा.

तिसरी, आपली टेप घेऊन जा. तिच्यावर लिहा, बाहेर काढा, पुन्हा घाला, वाचा. जमलं तर तीच टेप दुसऱ्या ड्राइव्हवरही वाचून बघा. काही बिघडलेले ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं स्वतः वाचतात, पण दुसऱ्या कुणाला ते वाचता येत नाही. असा ड्राइव्ह मेला की त्याच्या सगळ्या टेपही त्याच्यासोबत गेल्या.

मुंबईची हवा आणि मुंबईचा पाऊस

टेप ३० वर्षं टिकते असं कंपन्या सांगतात. पण ते १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता धरून. मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट उघडून बघा, पांढरी बुरशी दिसेल. टेपचा शत्रू तोच.

त्यामुळे टेप एसी असलेल्या कोरड्या खोलीत, नाहीतर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवाव्यात. डबीत, उभ्या. एसी खोलीतून दमट खोलीत आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नये, तिला खोलीच्या हवेशी जुळवून घ्यायला वेळ द्यावा. दव धरल्याची शंका असेल तर दिवसभर थांबावं. खाली पडलेली कार्ट्रिज न बघता ड्राइव्हमध्ये ढकलू नये. आतली पिन सरकलेली असली तर टेपसोबत ड्राइव्हही जातो.

आणि पाऊस. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. उपनगरांतली तळमजल्यावरची घरं, दुकानं, ऑफिसं पाण्याखाली गेली. त्या दिवशी एकाच खोलीत तीन कॉप्या असत्या, तर तिन्ही गेल्या असत्या.

फोटोग्राफर पीटर क्रो यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम म्हणूनच मुंबईकराने पाठ करावा. डेटाच्या ३ कॉप्या, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या जागी. ऑफिस अंधेरीत तळमजल्यावर असेल, तर एक टेप मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर. कार्ट्रिज बॅगेत सहज मावते.

मग टेप कुणी घेऊ नये?

घरच्या फोटोंसाठी आणि दोन-चार टीबी डेटासाठी टेप ड्राइव्ह घेणं म्हणजे पाव किलो भाजी आणायला ट्रक काढणं. त्यांच्यासाठी दोन वेगळ्या हार्ड डिस्क, त्यातली एक दुसऱ्या घरी, आणि जमल्यास क्लाउड, एवढं पुरतं. रोज उघडाव्या लागणाऱ्या फाइलींसाठीही टेप नाही, कारण हवी ती फाइल शोधायला टेप गुंडाळत जावी लागते.

डेटा मधला असेल, वर्षाला पंधरा-वीस टीबी, तर ड्राइव्ह घेण्याऐवजी टेपवर कॉपी करून देणाऱ्या सेवेकडून काम करून घेता येतं. किंवा ओळखीच्या दोन-तीन स्टुडिओंनी मिळून एकाच पिढीचे ड्राइव्ह घ्यावेत. एकाचा बंद पडला तर शेजाऱ्याकडे टेप वाचता येते.

ड्राइव्ह घेतलाच, तर एक काम कॅलेंडरवर लिहून ठेवा. दर तीन महिन्यांनी कपाटातली कुठलीही एक टेप काढायची, त्यातलं एक फोल्डर वेगळ्या संगणकावर परत आणायचं आणि फाइली उघडून बघायच्या. टेप, तारीख, कुणी तपासली, हे वहीत नोंदवायचं. आणि दर सात-आठ वर्षांनी, जुना ड्राइव्ह चालू असतानाच, सगळा डेटा नव्या पिढीवर उतरवायचा. टेप ३० वर्षं टिकेलही, पण ती वाचणारा ड्राइव्ह तेवढा टिकेल याची खात्री कुणी देत नाही.

१९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमागृहात लागलेला 'आलम आरा' हा भारतातला पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रिंट उपलब्ध नाही. तेव्हा सिनेमा जपायची साधनंच अपुरी होती. आज अंधेरीतल्या स्टुडिओकडे साधनं आहेत. कार्ड पुसण्याआधी टेपवरची कॉपी एकदा वाचून बघायची, तेवढा वेळ मात्र काढावा लागतो.